लाकडाचा सात-बारा : रेल्वेचे जुने स्लीपर आणि आपली बाग

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात बागेच्या नूतनीकरणाबद्दल झालेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिले आहे.)



सचिवांनी मला सांगितलं, ‘काका, बागेवर दहा मिनिटं बोला.’ निवृत्त माणसाला दहा मिनिटं द्यायची म्हणजे धोकाच. तरी मी विषय एकच घेतलाय. आपल्या बागेत गेल्या वर्षी जी जुनी लाकडं बसवली, ती कुठून आली, कुठे बसवली आणि मुख्य म्हणजे कुठे बसवली नाहीत. गेले काही महिने मला जिन्यात, लिफ्टमध्ये, दूध आणायला जाताना हाच प्रश्न येतो : ‘काका, एवढी फुकटासारखी लाकडं मिळाली होती, मग मुलांच्या वाळूच्या हौदाला विटा कशाला?’ त्याचं उत्तर आज सगळ्यांना एकदम देऊन टाकतो.

स्लीपर म्हटलं की कुणाला पायातली चप्पल आठवते, कुणाला स्लीपर कोचचं वेटिंग तिकीट. आपला स्लीपर म्हणजे रुळांखाली आडवा टाकलेला लाकडी ओंडका. भुसावळकरांना हे वेगळं सांगायला नको. १८६०च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे इथवर आली आणि आपलं गाव रेल्वेचंच होऊन गेलं. आपल्या चार विंगमध्ये असं घर शोधावं लागेल की ज्यात कुणी ना कुणी रेल्वेत नव्हतं. मी त्यातलाच एक अपवाद, बँकवाला.

रूळ दोन कामं या ओंडक्यावर सोपवतो. एक, गाडीचं वजन खालच्या गिट्टीवर पसरवणं आणि दोन, दोन रुळांमधलं अंतर कायम ठेवणं. मोठ्या लाइनीचा, म्हणजे ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर पावणेतीन मीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद आणि १३ सेंटिमीटर जाड. आपल्या भाषेत नऊ फूट, दहा इंच, पाच इंच. साल लाकडाचा असेल तर वजन सत्तर-पंच्याहत्तर किलो. जुन्या काळी एका मैलाला १,७६० ते २,००० स्लीपर लागत. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि पुढच्या काही वर्षांत देशभर रूळ पसरले. इतकं लाकूड आणायचं कुठून? हिमालयातला देवदार नद्यांतून वाहत खाली आणला, साल तोडला, साग तोडला. तरी पुरेना म्हणून ऑस्ट्रेलियातून जारा नावाचं लाकूड जहाजानं आणलं. जंगलं संपतील की काय अशी भीती वाटू लागली, तेव्हा १८६४ साली वनखातं उभं राहिलं. डिट्रिच ब्रँडिस हे पहिले महानिरीक्षक. १८६५ साली जंगलाचा पहिला कायदा आला. म्हणजे आपल्या देशातल्या वनखात्याच्या जन्मामागे हा ओंडका आहे.

आता हे ओंडके बाजारात का येतात? आपल्याकडे लाकडी स्लीपर रुळाखाली साधारण बारा ते पंधरा वर्षं टिकतो. बऱ्याचदा तो कुजलेला नसतो. खिळ्यांची भोकं सैल होतात, टोकं फाटतात, रूळ जिथे बसतो तिथे लाकूड दबतं. तो रुळासाठी निकामी होतो, पण मधला भाग ठणठणीत असतो. त्यात काँक्रीटचा स्लीपर आला. त्याचं एकट्याचं वजन अडीचशे किलोच्या वर, आयुष्य पन्नास-साठ वर्षं. लाकडी स्लीपर मागे पडले आणि भंगारात निघाले.

इंग्लंडमध्ये १९६३च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैलांचे मार्ग बंद झाले. तिकडच्या बागवानांना ही जाड, सरळ, स्वस्त लाकडं म्हणजे पर्वणीच वाटली. वाफ्याच्या कडा करा, पायऱ्या करा, मातीचा बांध अडवा, बाक करा. दिसायलाही ती छान दिसतात. नवं लाकूड बागेत उपरं वाटतं, हे मात्र पहिल्या दिवसापासून तिथलंच वाटतं. आपल्या मुलांनी मोबाइलवर असे फोटो बघितले आणि कार्यकारिणीला दाखवले. एका भंगार व्यापाऱ्याकडे रेल्वेच्या लिलावातले ३८ स्लीपर होते. भाव बरा होता. सभेत ठराव झाला.

त्या सभेत खरेदीची जबाबदारी माझ्यावर आली आणि मी एकच अट घातली. व्यापाऱ्याची पावती आणि त्याच्याकडचे लिलावाचे कागद आधी फाइलला लागले पाहिजेत. रेल्वेची मालमत्ता कागदाशिवाय आवारात ठेवणं हा १९६६च्या कायद्यानं गुन्हा आहे. दोघातिघांनी डोळे फिरवले. हरकत नाही, छत्तीस वर्षं बँकेत लोकांचे फिरलेले डोळेच बघितलेत.

पण कागद नीट असले तरी एक गोष्ट उरते. कर्ज देताना आम्ही जमीन बघायचो, भाव बघायचो आणि सगळ्यात आधी सात-बारा मागवायचो. जमीन कितीही सोन्यासारखी असू दे, तिच्यावर आधीचा बोजा आहे का? लाकडाचाही सात-बारा असतो. त्याच्यावर आधीचा काय बोजा आहे, ते बघितल्याशिवाय त्याला घरात घेऊ नये. मला आज जे सांगायचंय ते एवढंच आहे.

हा बोजा म्हणजे क्रिओसोट. साग, साल, अंजन अशी लाकडं मुळातच टणक आणि टिकाऊ. ती बहुतेक तशीच रुळाखाली जात. चीडसारखी मऊ लाकडं मात्र वाळवीनं आणि बुरशीनं चार दिवसांत खाल्ली असती. म्हणून त्यांना दाबाखाली क्रिओसोट पाजत. १८३८ साली जॉन बेथेल नावाच्या इंग्रज माणसानं या पद्धतीचं पेटंट घेतलं. आपल्याकडे पंजाबात धिलवानला आणि आसामात नहरकटियाला यासाठी रेल्वेचे कारखाने होते. क्रिओसोट हे कोळशाच्या डांबरापासून काढलेलं काळपट तेल. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास आठवा. तो वास ज्याचा, ते नॅफ्थलीन या तेलातही असतं. पण सोबत आणखी शेकडो पदार्थ असतात आणि त्यातले काही वाईट आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं क्रिओसोटला ‘माणसात कर्करोग घडवण्याची दाट शक्यता असलेले पदार्थ’ या गटात टाकलंय.

सी विंगमधल्या आपल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका मॅडमनी हे आम्हाला नीट समजावलं. घाबरवलं नाही, समजावलं. हे तेल अंगाला लागून माणूस उन्हात गेला की कातडीची आग होते, लाल चट्टे उठतात. आणि ऊन? भुसावळात बसून आपण उन्हाबद्दल कुणाकडून ऐकायचं! पारा ४५च्या आसपास गेला की जुन्या स्लीपरमधूनही ते तेल घामासारखं बाहेर येतं. ज्या लाकडाला जानेवारीत बोट लावलं तर कोरडं, त्यालाच मे महिन्यात बोट चिकटतं. शाळांना सुट्ट्या नेमक्या कधी असतात? मे महिन्यात. बागेत कोण असतं? मुलं.

युरोपियन युनियननं २००१ साली याबद्दल निर्देश काढला. पूर्वी प्रक्रिया केलेलं जुनं लाकूड पुन्हा वापरायला त्यांनी सरसकट बंदी केली नाही. पण कुठे वापरायचं नाही ते स्पष्ट लिहिलं : घराच्या आत नाही, खेळण्यांत नाही, खेळाच्या मैदानावर नाही, ज्या बागेत त्याला वारंवार हात लागेल तिथे नाही, बागेतल्या टेबल-बाकांना नाही, रोपं वाढवायच्या पेट्यांना नाही. मला ही रीत आवडली. लाकूड वाईट म्हणून फेकलं नाही. त्याला कुणाचा हात लागणार, हे बघून जागा ठरवली.

आपल्या यादीत मात्र नेमक्या त्याच गोष्टी होत्या! मुलांच्या वाळूच्या हौदाला कडा, महिला मंडळाच्या पालक-मेथीला उंच वाफे आणि ज्येष्ठांना बसायला बाक. तिन्ही ठिकाणी हात, पाय, पोट यांचा थेट संबंध.

तेव्हा आम्ही आधी लाकडं निवडली. कशी निवडली ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाचं गावाकडे घर असेल, शेत असेल, तर उपयोग होईल. वरून काळं दिसतं म्हणून क्रिओसोट, असं धरू नका. रुळावर वंगण सांडतं, धूळ बसते, सालही वरून काळा होतो. टोकाकडून अर्धा-पाऊण इंचाची चकती कापा. कडेनं काळा पट्टा आणि आत फिकट लाकूड असेल, डांबर गोळीसारखा उग्र वास आला, तर तेल पाजलेलं आहे. पूर्ण चकती एकसारखी तांबूस-तपकिरी आणि वास नुसता लाकडाचा असेल तर बहुधा नाही. मग उन्हात ठेवा आणि दुपारी कागद दाबून बघा, डाग पडतो का. शेवटी तो तुकडा बादलीतल्या पाण्यात रात्रभर ठेवा. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग आला की निकाल लागला. शंका राहिली तर तेल आहे असंच धरायचं. बँकेत शंकेचा फायदा आम्ही कधी कर्जदाराला दिला नाही, इथे लाकडाला कशाला द्यायचा?

३८पैकी ३ आतून पोकळ निघाले. २१ तेल पाजलेले. १४ साध्या सालाचे. म्हणजे सरळ हिशेब केला तर निम्म्याहून जास्त माल बोजा असलेला.

मग सभा झाली, आणि ती सभा मला विसरता येणार नाही. ए विंगमधले आपले निवृत्त पी.डब्ल्यू.आय. साहेब उठले. रुळांच्या देखभालीत त्यांची उभी हयात गेली. ते म्हणाले, ‘हे स्लीपर माझ्या गँगच्या माणसांनी खांद्यावर वाहिलेत. भर उन्हात, उघड्या अंगावर. त्या काळी हातमोज्यांची चालच नव्हती. संध्याकाळी खांदे सोललेले असायचे, त्यावर खोबरेल लावून माणसं झोपायची. आम्ही ते हातांनी उचलले आणि आता तुम्ही म्हणता त्याच्यावर बसू पण नका?’

सभेत कुणी काही बोललं नाही. त्यांच्या मनातला बाक नुसता बसायचा नव्हता. आपण ज्या कामात आयुष्य घातलं, ते नातवंडांच्या डोळ्यांसमोर राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. यात चुकीचं काय होतं? काहीच नाही. मॅडमनी त्यांना शांतपणे विचारलं, ‘साहेब, ते खांदे का सोलायचे?’ साहेब थोडा वेळ उभेच राहिले. मग म्हणाले, ‘तेच ते. आम्हाला वाटायचं वजनानं.’ आणि खाली बसता बसता म्हणाले, ‘मग पोरांच्या हाताला नको.’ ठराव त्या एका वाक्यानं झाला. मतदान घ्यावं लागलं नाही.

आता कामाचं सांगतो. सालाचे १४ स्लीपर आधी कडक ब्रशनं, साबणाच्या पाण्यानं घासले. हे टाळू नका. गाड्यांना बायो-टॉयलेट यायच्या आधी रुळावर काय काय पडायचं, हे जेवणाआधी सांगत नाही. मग पावसाळाभर उघड्यावर ठेवले. त्यातले खिळे काढणं हे मोठं काम. रूळ धरून ठेवणाऱ्या त्या जाड खिळ्याला डॉग स्पाइक म्हणतात, त्याच्या डोक्याला कुत्र्यासारखे कान असतात. काही खिळे तुटून आत राहिलेले असतात, वरून दिसत नाहीत. करवतीचं पातं त्यावर आदळलं तर पातं उडतं. म्हणून कापायच्या जागी आधी चुंबक फिरवला.

तीन स्लीपर अर्धे कापून सहा पायऱ्या केल्या. ए विंगकडून बागेत उतरताना अडीच फुटांचा जो उतार होता, जिथे दर पावसाळ्यात कुणी तरी घसरायचं, तिथे त्या आहेत. एक स्लीपर आडवा टाकला की पाच इंचांची चढण मिळते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती सोयीची. पण रुंदी दहाच इंच, पूर्ण पाऊल मावत नाही. म्हणून प्रत्येक स्लीपरच्या मागे चार इंच मुरूम ठोकून भरला. शेवाळ धरू नये म्हणून वर आडव्या खाचा मारल्या. बाजूला लोखंडी कठडा आहे, तो शोभेचा नाही, धरायचा आहे.

आपली माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर थेट लाकूड ठेवलं तर दोन वर्षांत पायऱ्या वाकड्या. म्हणून नऊ इंच काळी माती काढून तिथे मुरूम दाबला, त्यावर गिट्टीचा पातळ थर, त्यावर लाकूड. गिट्टीमुळे पाणी खालून निघून जातं आणि लाकूड ओलं राहत नाही. ओलं राहिलेलं लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रण. साल टणक असला तरी अमर नाही. प्रत्येक तुकड्याला दोन भोकं पाडून त्यातून दोन-दोन फुटी सळया जमिनीत ठोकल्या आणि सळयांची डोकी लाकडाच्या पातळीखाली दाबली, कुणाला ठेच लागू नये म्हणून. पुढे कधी कुणी एकावर एक स्लीपर रचून मातीचा बांध करणार असेल, तर दोन थरांवर स्वतःच्या हिंमतीनं जाऊ नका. मागे गिट्टी भरा, पाणी निघायला फटी ठेवा. बांध पाडते ती माती नाही, मागे तुंबलेलं पाणी.

नऊ स्लीपर चालायच्या वाटेच्या कडांना लागले, चाळीस फुटांची वाट, दोन्ही बाजूंनी. राहिलेल्या दोन स्लीपरचं शेवटी सांगतो.

तेल पाजलेले २१ स्लीपर परत घ्यायला व्यापारी तयार झाला नाही. त्यातले बारा पार्किंगमध्ये गाडीचं चाक अडवायला टाकले. नऊ मागच्या कंपाउंडजवळ कण्हेर आणि बोगनवेलीच्या मागे मातीला टेकू म्हणून बसवले, जिथे काट्यांमुळे कुणी हात घालत नाही. बोअरवेलपासून आणि नाल्यापासून दोन्ही ठिकाणं मुद्दाम लांब ठेवली, कारण हे तेल पाण्यातल्या जिवांना घातक असतं. रंग मारून ते झाकायची सूचना आली होती. उपयोग नाही, तेल रंगातून वर येतं. रंधा मारूनही भागत नाही, कारण ते भेगांत आणि खिळ्यांच्या भोकांत खोल मुरलेलं असतं.

वाळूच्या हौदाला विटा, महिला मंडळाच्या वाफ्यांना विटा आणि ज्येष्ठांच्या बाकाला कडुनिंबाखाली शहाबादी फरशी. प्रश्न विचारणाऱ्यांना आता उत्तर मिळालं असेल. विटांचा खर्च जास्त झाला, हिशेबात दिसेल. तो खर्च मी बिनदिक्कत सही करून मंजूर केलाय.

आता एक कळकळीची विनंती, खास करून तरुण मंडळाला. हे लाकूड कधीही जाळू नका. होळीला लाकूड कमी पडलं की आपली मुलं आवार धुंडाळतात, आम्हीही धुंडाळायचो. पण या लाकडाचा धूर विषारी असतो. होळीभोवती आपण लहान मुलांना कडेवर घेऊन फिरतो, त्याच होळीत नारळ भाजून प्रसाद म्हणून खातो. त्यात हा ओंडका नको. कापलेले तुकडे आणि भुसा आम्ही गोणीत भरून वेगळा ठेवलाय; तो खतात टाकायचा नाही, पाणी तापवायच्या बंबात घालायचा नाही. वॉचमनच्या चुलीलाही द्यायचा नाही. त्याचीही मुलं आहेत.

आणि ज्यांना स्वतःसाठी स्लीपर घ्यायचेत, त्यांना सल्ला : बिनतेलाचेच मागा, चकती कापून बघा, मग पैसे द्या. नाही तर त्याच मापाचं साधं लाकूड कापून घ्या. इंग्लंडमध्येही आता बागेसाठी बिनतेलाचे नवे स्लीपर विकतात.

आता राहिलेले ते दोन. गेटमधून आत आल्यावर डाव्या हाताला शेवंतीचा गोल वाफा आहे. त्यात सालाचे दोन स्लीपर उभे केलेत, डॉग स्पाइक तसेच ठेवून. जागा पी.डब्ल्यू.आय. साहेबांनी स्वतः दाखवली, ओळंबा लावून सरळ आहेत की नाही हेही त्यांनीच बघितलं. पाटीवर काय लिहायचं यावर कार्यकारिणीत तीन सभा झाल्या. शेवटी साहेबांच्या पत्नी म्हणाल्या ते ठरलं : ‘रुळांची काळजी घेणाऱ्या हातांना’. नाव कुणाचंच नाही. भुसावळात त्याची गरजही नाही.

पुढच्या कार्यकारिणीसाठी मी एक कागद फाइलला लावलाय. कोणता स्लीपर कुठे आहे, कोणता तेलाचा, कोणता साधा, याचा नकाशा त्यात आहे. तेलाच्या प्रत्येक स्लीपरच्या टोकाला लाल रंगाची खूण केलीय. आपण काही कायमचे नाही. पन्नासाव्या वर्षी बाग बदलायची वेळ येईल, तेव्हा इथे कुणी तरी उभं राहून विचारेल, ‘ही जुनी लाकडं चांगली दिसतात, यांचा झोपाळा करायचा का?’ त्या माणसाला सात-बारा हातात मिळाला पाहिजे.

दहा मिनिटं केव्हाच संपलीत, सचिव मघापासून घड्याळ दाखवताहेत. मांडव सोडून घरी जाताना नव्या पायऱ्यांवरून जा. कठडा धरून जा. आपल्या सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.